पी०४२० कोड पुसला की परत येतो: कॅट बदलण्याआधी काय काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. पेट्रोल किंवा पेट्रोल-सीएनजी गाडी, साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेली. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, पण गाडी चालायला ठीक असते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की पी०४२० निघतो, म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टरचं (थोडक्यात कॅट, सायलेन्सरच्या वाटेत बसलेला, धूर साफ करणारा डबा) काम ठरलेल्या मर्यादेखाली गेलंय. मेकॅनिक कोड पुसतो आणि दिवा विझतो. जालन्याला एक-दोन चकरा झाल्या की दिवा परत हजर. मग मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलतात, तरी दिवा येतो. कॅट काढून धुतात, तरी येतो. शेवटी पाच आकडी बिल भरून नवा कॅट बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा तोच कोड.

कोड कॅटचं नाव घेतो, पण कॅटला मारणारा बहुधा त्याच्या आधी बसलेला असतो: प्लगमध्ये, पिस्टन रिंगमध्ये, मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या पाइपच्या) गॅस्केटमध्ये, कधी रेडिएटरमधल्या पाण्यातही. तो सापडेपर्यंत कॅटवर एक रुपया घालू नका.

आत काय चालतं

पेट्रोल गाडीचा कॅट एकाच वेळी तीन कामं करतो. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करतो, न जळलेल्या इंधनाचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतो, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून साधा नायट्रोजन सोडतो. पत्र्याच्या डब्यात कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकची विटेसारखी जाळी असते. चौरस इंचाला चारशे ते सहाशे बारीक नळ्या. नळ्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरबरीत लेप आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे अतिसूक्ष्म कण. धातू खर्च होत नाहीत. ते झाकले जातात, नाहीतर उष्णतेने एकमेकांना चिकटून त्यांचा पृष्ठभाग घटतो. कॅट ‘संपला’ म्हणतात तेव्हा बहुधा या दोनांपैकी एक झालेलं असतं.

लेपात सेरियम ऑक्साइडही असतं आणि पी०४२० समजायचा तर तेच लक्षात ठेवायला हवं. वरच्या पहिल्या दोन कामांना (ऑक्सिडेशन) ऑक्सिजन लागतो, तिसऱ्याला (रिडक्शन) तो नको असतो. इसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, मिश्रण सतत किंचित श्रीमंत (पेट्रोल जास्त)-किंचित गरीब (पेट्रोल कमी) असं हलवत ठेवतो आणि सेरियम मधल्या काळात ऑक्सिजन साठवतो, सोडतो. मराठवाड्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तेव्हा घर टाकीवर चालतं, तसंच. टाकी मोठी असेल तर नळ कधी आला, कधी गेला हे स्वयंपाकघरात कळतही नाही. टाकी गळून लहान झाली की नळाची प्रत्येक खेप आतपर्यंत जाणवते.

कॅटच्या पुढचा सेन्सर नळावर नजर ठेवतो, मागचा सेन्सर टाकीनंतर. जुन्या पद्धतीचा पुढचा सेन्सर गरम इंजिनवर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान भराभर वर-खाली होतो. मागचा सेन्सर ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळपास सपाट राहायला हवा. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की इसीयू समजतो, साठवण गेली. नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो, त्याचं वाचन व्होल्टऐवजी लॅम्डामध्ये (मिश्रण योग्य प्रमाणाच्या किती जवळ आहे तो आकडा) बघावं लागतं. मागचा मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी जुन्याच पद्धतीचा आहे.

कोड पुसल्यावर काही दिवस दिवा का येत नाही

कारण तेवढ्या दिवसांत तपासणीच झालेली नसते. इंजिन पूर्ण गरम, वेग स्थिर, ॲक्सिलेटर हलका, अशी काही मिनिटं सलग मिळाली तरच इसीयू कॅटची चाचणी घेतो. बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन फेऱ्यांत चाचणी नापास झाली तरच दिवा लागतो. सिडकोतून शाळा आणि परत एवढंच चालणारी गाडी पंधरा दिवस चाचणीपर्यंत पोचतच नाही. मग मालकाला वाटतं, पेट्रोलमध्ये ओतलेल्या बाटलीने काम केलं. कोड पुसताना चाचण्यांची तयारीही शून्यावर जाते, त्यामुळे ‘दिवा नाही’ याचा अर्थ ‘बरा झाला’ असा नाही. स्कॅनरमध्ये रेडिनेस किंवा मॉनिटर नावाचं पान असतं. तिथे कॅटॲलिस्टसमोर ‘पूर्ण’ दिसल्याशिवाय निकाल मानू नका.

पुसण्याआधी दोन गोष्टी मोबाइलवर फोटो काढून ठेवा: सोबत असलेले बाकीचे कोड आणि फ्रीझ फ्रेम. दिवा लागला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान, फ्युएल ट्रिम (इसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय) हे सगळं तिथे असतं. कोड पुसला की तेही जातं. गाडीच्या स्कॅनर सॉकेटात बसणारा, ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी डोंगल या कामाला पुरतो.

सोबतचे कोड आधी

पी०३०० ते पी०३०४ म्हणजे मिसफायर. पी०१७१ म्हणजे मिश्रण गरीब, पी०१७२ म्हणजे श्रीमंत. पी०१३० ते पी०१४१ या पट्ट्यात ऑक्सिजन सेन्सर आणि त्यांच्या हीटरचे कोड येतात. यातला एक जरी पी०४२० सोबत असेल तर आधी तो सोडवा. कित्येकदा पी०४२० मग आपोआप परत येत नाही.

सेन्सरचा कोड असेल तर सेन्सर विकत घेण्याआधी गाडीखाली वाकून वायर बघा. आखाड्यावर, गोदामाशेजारी किंवा बखळीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात. मागच्या सेन्सरची वायर मऊ आणि उबदार जागी असते, तिच्यावर पहिला दात बसतो. तुटलेली वायर नीट सोल्डर करून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवली तर काम भागतं. नुसती पिळून चिकटपट्टी मारली तर पहिल्या पावसात कोड परत.

मिसफायर: कॅटचा सगळ्यात मोठा शत्रू

एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही की तिथलं पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता कॅटमध्ये जातात आणि तिथे पेट घेतात. कॅट साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला काम सुरू करतो आणि ४०० ते ८०० अंशांत सुखाने चालतो. मिसफायर चालू असताना आतलं तापमान हजार अंशांच्या पुढे जाऊ शकतं. तिथे धातूचे कण चिकटायला लागतात, आणि आणखी वर गेलं तर सिरॅमिकच वितळतं. चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर गाडी हेच सांगत असते. अशा वेळी ॲक्सिलेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. समृद्धी महामार्गावर १२०च्या वेगात, चार माणसं आणि एसी असताना लुकलुकत्या दिव्याकडे दुर्लक्ष करून पुढचं इंटरचेंज गाठायचं ठरवलं, तर तेवढ्या अंतरात चांगला कॅट वितळतो.

तपासणी अशी. इंजिन थंड असताना प्लग काढा, कारण गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढला तर आटे निघतात. काढण्याआधी प्लगच्या खोबणीत हवा मारा, नाहीतर तिथली माती सिलिंडरमध्ये जाते. कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा ते लिहून ओळीत मांडा.

टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण श्रीमंत. ओलं, तेलकट काळं म्हणजे ऑइल वर येतंय. लालसर-केशरी थर म्हणजे लोखंड किंवा मँगनीज असलेलं ऑक्टेन वाढवायचं औषध पेट्रोलमध्ये गेलंय. हा थर प्लगवर दिसतो तसाच कॅटच्या तोंडावरही बसतो. असली औषधं घालू नका. कंपनीने ज्या ऑक्टेनसाठी इंजिन बनवलंय त्यापेक्षा जास्त ऑक्टेनने कॅटचं काही भलं होत नाही.

साधे निकेलचे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलावेत. इरिडियमचे त्याच्या दुपटीहून जास्त जातात. गॅप गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे, फीलर गेजने मोजून. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत तो १ मिलिमीटरच्या जवळपास असतो. सीएनजीवर ठिणगीला विजेचा जास्त दाब लागतो म्हणून सीएनजी गाडीचा गॅप कमी ठेवलेला असतो. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत पेट्रोलचेच जुने प्लग चालू ठेवले की पेट्रोलवर गाडी मऊ आणि गॅसवर चढाला झटके, अशी तक्रार येते. तो झटका म्हणजेच मिसफायर.

कॉइलचा संशय असेल तर अदलाबदल करा. समजा कोड पी०३०२ आहे. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी चालवा. पी०३०३ आला तर कॉइल दोषी. पी०३०२ च राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन बघा. मे महिन्यात ४२-४३ अंशांत गाडी उन्हात उभी राहिल्याने कॅटला काहीही होत नाही, तो त्याहून कितीतरी पट गरमीत राहायलाच बनलाय. उन्हाळ्याचा मार बसतो तो कॉइल आणि तिच्या रबरी बुटांवर. म्हणून उन्हाळ्यात मिसफायर वाढतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पी०४२०.

बॅटरी उतरलेली गाडी धक्का मारून चालू करणं हाही कॅटवर अत्याचारच आहे. पोरं गल्लीभर ढकलतात, क्लच सोडला की दोन झटके, आणि प्रत्येक झटक्यात कच्चं पेट्रोल कॅटमध्ये. त्यापेक्षा जंप केबल डिकीत ठेवा.

गळती, जी कोणी बघत नाही

मॅनिफोल्डची गॅस्केट, लवचीक जाळीदार पाइप, सेन्सरच्या बोळ्याचे आटे, फ्लँजचे बोल्ट. यातून धूर बाहेर येतो एवढंच आपण समजतो, पण धुराच्या प्रत्येक ठोक्यानंतर क्षणभर दाब उणे होतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढच्या सेन्सरआधी गळती असेल तर सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, इसीयूला मिश्रण गरीब वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतो. आता मिश्रण खरंच श्रीमंत होतं, ॲव्हरेज पडतो आणि कॅटवर काजळी बसते. गळती दोन सेन्सरच्या मध्ये असेल तर कॅट ठणठणीत असूनही मागचं वाचन बिघडतं आणि पी०४२० येतो. नव्या कॅटनंतरही कोड परत येण्याचं हे आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. विशेषतः वेल्डिंग करून बसवलेल्या कॅटमध्ये, जिथे शिवणीत टाचणीएवढी भोकं राहतात.

गळती शोधायची वेळ म्हणजे सकाळचा पहिला स्टार्ट, कारण धातू तापला की फटी बंद होतात. बॉनेट उघडा, दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा आणि मॅनिफोल्डजवळ ‘टिक-टिक’ ऐका. जोडाभोवती काळ्या धुराचे पंखे उमटलेत का बघा. यात नाही सापडलं तर थंड इंजिन बंद ठेवून सायलेन्सरच्या तोंडाला ब्लोअर किंवा व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू कापडाने घट्ट लावा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. फेस जिथे फुगतो तिथे गळती. गॅस्केट एकदा उघडली की नवीनच घाला. सिलिकॉन सीलंट लावून जुनी बसवू नका, कारण सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या टोकावर पांढरा थर बसवते.

फ्युएल ट्रिम

इंजिन गरम, एसी बंद. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म या दोन्हींची बेरीज आयडलला आणि २,५०० आरपीएमला बघा. उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांत असेल तर पुढे जा. आयडलला खूप अधिक पण २,५०० ला ठीक असेल, तर इनटेकमध्ये कुठेतरी हवा खेचतेय. उलट असेल तर पेट्रोल कमी पोचतंय: पंप किंवा फिल्टर. दोन्हीकडे खूप उणे असेल तर इंजेक्टर गळतोय किंवा प्रेशर जास्त आहे. ही परिस्थिती कॅटला जास्त घातक.

ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे ट्रिम थोडी अधिककडे सरकते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई१० ला १४.१, ई२० ला सुमारे १३.५. म्हणजे ई१० साठी बनवलेली गाडी ई२० वर चार-पाच टक्के जास्त इंधन टाकणार, ते इसीयू स्वतः सांभाळतो. मात्र आधीच अधिक आठवर चालणारी गाडी या भरीने हद्द ओलांडते. आधीचा दोष दुरुस्त करा, पेट्रोलला शिव्या देऊन उपयोग नाही.

भेसळीची गोष्ट वेगळी. तांड्यावर, आडगावात बाटलीतून मिळणाऱ्या पेट्रोलचा भरवसा नाही. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. नोझल पुसून एक थेंब कागदावर टाका. दोन मिनिटांत डाग न ठेवता उडाला पाहिजे. तेलकट डाग राहिला तर त्या पंपावर परत जाऊ नका.

ऑइल आणि पाणी

इंजिन ऑइलमध्ये झीज रोखायला जस्त आणि फॉस्फरस घातलेला असतो. ऑइल जळलं की फॉस्फरस कॅटच्या लेपावर काचेसारखा बसतो. हा थर रस्त्यावरच्या उष्णतेने जळत नाही, धुऊनही जात नाही. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खाणाऱ्या गाडीत नवा कॅट घालणं म्हणजे पैसे जाळणं, हे आम्ही स्पष्ट सांगतो. आधी ऑइल थांबवा.

किती खातं ते मोजा. सपाट जागा, सकाळी गाडी चालू करण्याआधी, डिपस्टिकवर खूण, आणि हजार किलोमीटरनंतर त्याच जागी पुन्हा. बऱ्याच गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील. चढाला, रेस दिल्यावर येत असेल तर रिंग. पण हेड उघडायचं बोलण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा) बघा. तो अडकला की ऑइल इनटेकमधून ओढलं जातं, आणि तो बदलणं सगळ्यात स्वस्त काम आहे. दुसरी स्वस्त चूक म्हणजे जास्त ऑइल. साडेतीन लिटरचा डबा आणला म्हणून अख्खा ओतायचा नसतो. वरच्या खुणेच्या वर गेलेलं ऑइल पीसीव्हीतून कॅटपर्यंत पोचतं. पुस्तिकेत जी ग्रेड आणि जो एपीआय दर्जा दिलाय तोच वापरा. ट्रॅक्टरसाठी आणलेलं डिझेल इंजिनचं ऑइल पेट्रोल कारमध्ये नको, त्यात फॉस्फरस बहुधा जास्त असतो.

रिंगा झिजण्यामागे आपल्याकडे धुळीचा वाटा मोठा. ऊस, कापूस, सोयाबीनच्या हंगामात कच्च्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तिकेत लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यावर बघा. हवा मारून तोच तोच फिल्टर वापरू नका, कंप्रेसरच्या दाबाने कागदाला बारीक चिरा पडतात. फिल्टरच्या डब्याची क्लिप तुटलेली असेल तर नवा फिल्टर घालूनही धूळ कडेने आत जाते.

पाण्याचा प्रवासही असाच वळणावळणाचा. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं क्षारयुक्त पाणी भरलं जातं, त्याची खपली आतल्या वाटा बुजवते, उन्हाळ्यात इंजिन तापतं, हेड गॅस्केट जाते, आणि पाणी व कूलंटमधले क्षार एक्झॉस्टमधून कॅटवर पांढरट-करडा थर बसवतात. कूलंट दर महिन्याला कमी होतं आणि खाली थेंबही दिसत नाही, अशी गाडी असेल तर कॅटचा विषय बाजूला ठेवा आणि आधी कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट करून घ्या.

आता कॅटची चौकशी

वरचं सगळं ठीक असेल किंवा ठीक करून झालं असेल, तर इंजिन गरम करा, २,५०० आरपीएमवर तीन मिनिटं धरा आणि दोन्ही सेन्सरचा आलेख बघा. मागचा सपाट असेल तर कॅट जिवंत आहे, कोड पुसून चाचणीची फेरी घ्या. मागचा नाचत असेल तर एकदम रेस द्या आणि सोडा. रेस देताना मागचा ०.८ च्या वर गेला पाहिजे, सोडल्यावर ०.१ च्या जवळ. आणि हे पुढच्या सेन्सरनंतर थोड्या अंतराने व्हायला हवं. अंतर जवळजवळ नसेल तर साठवण खरंच गेली आहे.

मागचा सेन्सर बदलून पी०४२० जाईल ही आशा सहसा फोल ठरते. जुना झालेला सेन्सर मंदावतो, म्हणजे आणखी सपाट दिसतो. तो कॅटची चुगली करत नाही, उलट पाठीशी घालतो. इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढचं-मागचं तापमान मोजून निकाल देणाऱ्यांवरही विसंबू नका. चांगल्या इंजिनात कॅटला जाळायला फारसं काही मिळत नाही, त्यामुळे फरक कमी दिसतो आणि चांगला कॅट विनाकारण बाद होतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरला तुमच्या मॉडेलसाठी इसीयूचं सॉफ्टवेअर अपडेट आहे का हेही विचारा. काही गाड्यांत या कोडची मर्यादा कंपनीनेच नंतर सुधारलेली असते.

पिकअप गेला असेल, गाडी तीन हजारांच्या वर ओढतच नसेल, तर कॅट तुंबलाय का बघा. पुढचा सेन्सर काढून त्या आट्यात प्रेशर गेज लावा. आयडलला सव्वा पीएसआयच्या आत, २,५०० ला तीनच्या आत हवं. व्हॅक्यूम गेज असेल तर आयडलचं वाचन घ्या आणि २,५०० वर धरा. वाचन स्थिर राहण्याऐवजी हळूहळू घसरत गेलं तर वाट बंद आहे. पुस्तकात आयडलला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं ते समुद्रसपाटीचं. छत्रपती संभाजीनगर साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे पावणेदोन-दोन इंच कमी दिसणं बरोबर. नांदेड त्याहून खाली, तिथे फरक इंच-सव्वा इंचाचा. हे माहीत नसल्याने चांगल्या इंजिनाला ‘दम नाही’ ठरवलं जातं.

त्याच सेन्सरच्या भोकातून मोबाइलला जोडायचा बारीक एंडोस्कोप कॅमेरा आत जातो. थंड असताना आत बघा. कोरडी काळी काजळी असेल तर कारण दूर करून एकदा जालना रोडवर किंवा लातूर-नांदेड मार्गावर अर्धा-पाऊण तास सलग ८०ने चालवा, ती जळून जाऊ शकते. पांढरट-करडी खपली म्हणजे ऑइल किंवा कूलंट. वितळून चकाकणारी भोकं म्हणजे मिसफायर. तुकडे पडले असतील, रबरी हातोडीने हलकं टोकल्यावर खुळखुळत असेल, तर दगड लागलाय किंवा तापलेला कॅट नाल्याच्या पाण्यात बुडालाय. यातलं शेवटचं तीन प्रकारचं नुकसान कोणत्याही क्लीनरने किंवा ॲसिडने भरून येत नाही. ॲसिडने तर लेपच सुटतो.

आतली जाळी फोडून रिकामा डबा बसवायचा ‘जुगाड’ कोणी सुचवला तर नको म्हणा. बीएस४ आणि पुढच्या पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतात, रिकाम्या डब्याने ते जमत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे दहा हजारांपर्यंत दंड आणि कैदही होऊ शकते. आणि त्या जाळीतल्या ऱ्होडियम-पॅलेडियमला भंगारात चांगला भाव असतो, म्हणून फुकटात काम करून देणाऱ्याचा हेतू ओळखा. कॅट बदलला तरी जुना परत मागा किंवा त्याचे पैसे बिलातून वळते करा.

बदलायचाच असेल तर

स्वस्त डुप्लिकेटमध्ये मौल्यवान धातू कमी असतात. तो काही महिने चाचणी पास होतो आणि मग नापास. अस्सल घ्या, किंवा तुमच्या मॉडेल आणि बीएस मानकासाठी प्रमाणित असलेला. बोल्टवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सेन्सर काढायला वायर जाण्याइतकी खाच असलेला २२ मिलिमीटरचा सॉकेट लागतो. साध्या पान्याने कडा गोल होतात. बसवताना बाणाची दिशा बघा, सगळ्या गॅस्केट नवीन, सेन्सरच्या आट्यांना उष्णतारोधक ग्रीस अगदी थोडं आणि टोकाला अजिबात नाही. सेन्सर सुमारे ४० न्यूटन मीटरला आवळा. काढलेली उष्णतारोधक पत्र्याची ढाल परत लावायला विसरू नका. खुळखुळते म्हणून ती फेकून देतात आणि मग त्याच गरम कॅटवर सोयाबीनचं काड किंवा उसाचं पाचट पेटतं. ढाल असली तरी हंगामात गाडी काडावर, कडब्यावर, वाळल्या गवतावर उभी करू नका. नुकत्याच थांबलेल्या गाडीचा कॅट त्यांना पेटवायला पुरेसा गरम असतो.

बसवून झालं की कोड पुसा आणि चाचणीची फेरी घ्या. रात्रभर थंड झालेली गाडी, दोन-तीन मिनिटं आयडल, मग मोकळ्या रस्त्यावर ६० ते ८०च्या स्थिर वेगाने पंधरा मिनिटं, मध्ये दोन-तीनदा ॲक्सिलेटर पूर्ण सोडून गिअरमध्येच गाडी मंदावू द्या. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. मग मॉनिटर बघा. सीएनजी गाडी असेल तर एक फेरी पेट्रोलवर आणि एक गॅसवर घ्या. पेट्रोलवर पास आणि गॅसवर नापास झाली तर दोष कॅटचा नाही, किटच्या ट्युनिंगचा आहे. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये ऑक्सिजन सेन्सरला खोटा सिग्नल देणारा एम्युलेटर असेल तर तो आधी काढायला लावा. त्याच्यामुळे इसीयू आंधळा होतो आणि मिश्रण कुठे चाललंय ते कोणालाच कळत नाही.

डिझेल गाडीला हा लेख लागू करू नका. तिथे ऑक्सिडेशन कॅट, डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) आणि काही मॉडेलमध्ये युरियाची यंत्रणा असते आणि दुखणं बहुधा काजळी साचण्याचं असतं. डीपीएफचा दिवा लागला की पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हायवेवर पंधरा-वीस मिनिटं सलग चालवा, मध्येच बंद करू नका. ऑइल कमी राखेचं, डीपीएफसाठी लिहिलेलंच घाला.

वॉशिंग सेंटरवर गेल्या गेल्या तापलेल्या गाडीखाली प्रेशरचं पाणी मारू देऊ नका, अर्धा तास थांबा. पूल पाण्याखाली गेला असेल तर वाट बघा. कॅट आणि इंजिन दोन्ही वाचतात. आणि पेट्रोल काट्याच्या शेवटच्या रेघेवर आणून चालवायची सवय सोडा: वळणावर पंप हवा ओढतो, दोन-चार ठोके चुकतात, आणि ते चुकलेले ठोके कॅटमध्ये जळतात.